हात वर गेला तेव्हा : नर्तकीच्या अंगावरच्या केसांची पार्श्वभूमी

१९१५ साली अमेरिकेतल्या 'हार्पर्स बझार' या श्रीमंत बायकांच्या मासिकात केस काढायच्या एका पावडरीची जाहिरात आली. चित्रात एक तरुणी आहे. तिचे खांदे उघडे, एक हात डोक्यावरून कमानीसारखा वळवलेला आणि काख गुळगुळीत. मजकुराचा आशय असा, की उन्हाळी पेहराव आणि आधुनिक नाच या दोघांनी मिळून नकोसे केस काढणं आता भाग पाडलं आहे. काखेतल्या केसांवर उघड बोलणाऱ्या सुरुवातीच्या जाहिरातींपैकी ही एक. तिनं कारण म्हणून स्वच्छता सांगितली नाही, आरोग्यही नाही. नाच सांगितला.

हा 'आधुनिक नाच' कुठला, तेही नक्की सांगता येतं. न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन आणि आयरीन कॅसल या नवराबायकोनं टँगो, फॉक्सट्रॉट अशा नाचांचं वेड लावलं होतं. त्यांच्या १९१४च्या पुस्तकाचं नावच 'मॉडर्न डान्सिंग'. आयरीननं केस आखूड कापले तर शहरभर बायकांनी आखूड कापले. तिनं हलका, सैल झगा घातला तर कंबर आवळणारा कॉर्सेट मागे पडला. या नाचांत बाईचा एक हात जोडीदाराच्या खांद्यावर आणि दुसरा त्याच्या हातात, हवेत. त्याआधी हा हात एरवी बाहीच्या आत असे. बाही गेली आणि हात वर उचललेलाच राहिला. जाहिरातवाल्यांना एवढी फट पुरली.

१९१५ सालीच जिलेटनं 'मिलेडी डेकोल्टे' नावाचा बायकांसाठीचा पहिला खास रेझर काढला. त्याच्या जाहिरातींत 'दाढी' आणि 'पातं' हे शब्द कटाक्षानं टाळलेले असत, कारण दाढी पुरुष करतात. बायकांनी फक्त 'गुळगुळीत' व्हायचं. काखेलाही एक सभ्य नाव मिळालं, अंडरआर्म. तो सभ्यपणा आपल्याकडे अजून चालू आहे. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' म्हणताना न लाजणारी मराठी बाई पार्लरमध्ये 'अंडरआर्म्स' म्हणते. काखेचे केस म्हटलं की तिथली मुलगीसुद्धा दचकते.

मग त्याआधी युरोपातल्या नर्तकी काय करत होत्या? त्यांच्यावर हा प्रश्नच आला नव्हता. बॅले नर्तकी मारी ताल्योनीनं १८३२ साली पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' नाचली तेव्हा घोटे दिसू लागले, पुढच्या दशकांत घागरा गुडघ्याच्या वर चढला, पण पायांवर कायम घट्ट विणीचे मोजे होते. बॅलेतला पाय हा उघड्या पायाचा आभास असतो. गुलाबी विणकामाखाली केस आहेत की नाहीत याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकन अनवाणी आणि उघड्या पिंढऱ्यांनी मंचावर आली तेव्हा खळबळ माजली. (बॅलेतला तो 'त्वचेचा' गुलाबी रंग नेमका कुणाच्या त्वचेचा, हा वेगळाच विषय. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमनं १९७४ पासून आपल्या कृष्णवर्णीय नर्तकींना त्यांच्या त्वचेच्या रंगाचे मोजे द्यायला सुरुवात केली. तोवर सगळ्यांनी गुलाबी घातले.)

पण केस आणि नर्तकी यांची एकोणिसाव्या शतकातली एक कहाणी आहे. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

हुलिया पास्त्राना ही मेक्सिकोच्या सिनालोआ भागातली आदिवासी बाई, जन्म १८३४ सालचा. जन्मजात विकारामुळे तिच्या चेहऱ्यावर आणि सर्वांगावर दाट काळे केस होते. १८५४ साली तिला न्यूयॉर्कमध्ये पैसे घेऊन दाखवायला सुरुवात झाली. जाहिरातींत ती कधी 'अस्वलबाई', कधी 'वानरबाई', कधी माणूस आणि पशू यांच्या मधलं काहीतरी. प्रत्यक्ष मंचावर ती गात असे, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत, आणि नाचत असे. तिकिटं काढून माणसं येत ती केस पाहायला, आणि समोर एक तयारीची गायिका-नर्तकी उभी राही. तिच्या खेळाचा सगळा धंदा या विसंगतीवर चालला होता. तिच्या प्रयोगांचा व्यवस्थापक थिओडोर लेंट यानं तिच्याशी लग्न केलं आणि तिला युरोपभर फिरवलं. १८६० साली मॉस्कोमध्ये तिला मुलगा झाला. त्याच्याही अंगावर तसेच केस होते. दीड-दोन दिवसांत तो गेला, आणि पाठोपाठ काही दिवसांत तीही. लेंटनं दोघांचे देह मसाला भरून टिकवून घेतले आणि खेळ पुढं चालू ठेवला, काचेच्या पेटीतून.

चार्ल्स डार्विननं १८६८च्या ग्रंथात तिचा उल्लेख केला आहे. तिच्या दाढीचं आणि केसाळ कपाळाचं वर्णन करताना तो तिला म्हणतो 'स्पॅनिश नर्तकी'. देश चुकला, पण पेशा बरोबर लिहिला. पुढं १८७१ साली त्यानं माणसाच्या अंगावरचे केस कमी होण्याचा संबंध जोडीदाराच्या निवडीशी जोडला, आणि त्याचं वाचून, न वाचून, लोकांनी सोपं गणित मांडलं. जितके केस कमी तितका माणूस पुढारलेला, आणि बाईच्या अंगावर जास्त असतील तर ती माणूसपणात मागे. केसाळ बाई 'बघण्याची वस्तू' होण्यामागे हे गणितही होतं. १९१५ची जाहिरात कोऱ्या पाटीवर लिहिली गेली नव्हती. पास्त्रानाचा देह जत्रांतून, गोदामांतून फिरत शेवटी नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठात पोचला. मेक्सिकोतल्या एका कलावतीनं कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर तो मायदेशी परतला, आणि १२ फेब्रुवारी २०१३ रोजी सिनालोआत तिचं दफन झालं. मृत्यूनंतर १५३ वर्षांनी.

आता आपल्याकडे. इथं दोन सोयीस्कर समज आहेत. एक म्हणजे भारतीय बाई कायमच केस काढत आली आहे, आणि दुसरा, ही सगळी गोऱ्यांची देणगी असून आपण मोकळे होतो. दोन्हींत थोडं थोडं खोटं आहे.

संस्कृत काव्यात नाभीपासून वर जाणाऱ्या केसांच्या बारीक रेषेला रोमावली किंवा रोमराजी म्हणतात, आणि ती सौंदर्याची ठरलेली खूण आहे. कालिदासानं 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात पार्वतीचं वर्णन करताना ही कोवळी रेषा तिच्या खोल नाभीत शिरते असं म्हटलं आहे, आणि तिला मेखलेतल्या नीलमण्याच्या किरणाची उपमा दिली आहे. या एकाच विषयावर शंभर श्लोकांची 'रोमावलीशतकं' रचली गेली. मात्र याच परंपरेत मनुस्मृतीचा तिसरा अध्याय विवाहासाठी मुलगी निवडताना बजावतो, की अंगावर मुळीच लव नसलेली नको आणि फार असलेलीही नको. म्हणजे मोजमाप होतंच. फक्त शून्य हे आदर्श माप नव्हतं, उलट शून्य हा दोष होता. आणि 'कामसूत्रा'त ठरावीक दिवसांच्या अंतरानं अंगावरचे केस काढायची दिनचर्या सांगितली आहे ती नागरकाला, पुरुषाला!

नृत्याशी थेट जोडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत, आपण कीर्तनात 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' म्हणतो तेच. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यातला रोमांच म्हणजे अंगावरची लव उभी राहणं. नटानं तो अवयवांना स्पर्श करून दाखवावा, असं शास्त्र सांगतं. आजही अभिनय शिकवताना नायिकेची बोटं स्वतःच्या हातावरून अलगद फिरतात, नजर तिथंच खिळते, आणि प्रेक्षकाला शहारा कळतो. ज्या हातावर हा शहारा दाखवायचा, तो अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाच्या, आठवडाभर आधी वॅक्स करून घे, असंही त्याच मुलीला सांगितलेलं असतं. सांगणारी बहुतेक वेळा गुरू नसते. आई असते, मावशी असते, नाहीतर मेकअपवाली.

पेहरावानं आपल्याकडे बराच काळ हा प्रश्न झाकून ठेवला. भरतनाट्यममध्ये हात खांद्याच्या रेषेत ताणलेले असतात, म्हणजे काख सतत उघडी पडायची शक्यता. पण चोळीची बाही दंडाच्या मध्यापर्यंत येते. कथकला चुडीदार आणि लांब बाह्या. लावणीला नऊवारी आणि कोपरापर्यंतची चोळी. लावणीत दिसते ती पिंढरी, तीही चाळांच्या पट्ट्याखाली निम्मी दडलेली. चाळ बांधणाऱ्या बायका पायावरची लव काढतात त्यात दिसण्याइतकाच सोयीचाही भाग असतो. किलो-किलो वजनाचे घुंगरू दोरीत ओवून करकचून बांधले की लव त्यात ओढली जाते, आणि तासभर नाचून ते सोडताना जीव जातो.

हिंदी सिनेमातल्या कॅबरेनं बॅलेचीच युक्ती उचलली. हेलन पडद्यावर जी उघडी दिसायची ती बहुतेक वेळा अंगरंगाच्या घट्ट कापडात झाकलेली असायची. ते तलम आवरण जाऊन खरी त्वचा कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा ती कापडासारखीच दिसली पाहिजे, अशी अपेक्षा आधीच तयार होती. गॅदरिंगला सिनेमातल्या गाण्यावर नाचणाऱ्या नववीतल्या मुली हेअर रिमूव्हर क्रीमची ट्यूब एकमेकींना देतात, तिथवर ती झिरपली आहे.

अरब जगातल्या नाचाकडे पाहिलं की तिसराच धागा हाती लागतो. इजिप्तमध्ये साखर आणि लिंबू आटवून केलेल्या चिकट पाकानं, हलावानं, केस काढायची घरगुती चाल जुनी आहे. इस्लामी परंपरेत काखेतले केस काढणं हा शरीरशुद्धीचा भाग आहे, आणि तो बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे. म्हणजे कैरोतल्या नर्तकीची गुळगुळीत त्वचा जिलेटच्या आधीची आहे, आणि तिच्यामागचं कारणही वेगळं. हीच नृत्यकला पुढं अमेरिकेत गेली आणि तिथल्या बायकांनी शिकली तेव्हा दोन्ही कारणं एकमेकांत मिसळली. तिथं एखादीनं काखेतले केस ठेवून नाचायचं ठरवलं, तर ती कुणाची परंपरा मोडते आहे हेच ठरवणं अवघड.

गुळगुळीतपणाची किंमत काय पडली, तेही इथंच सांगून टाकतो. १९३०च्या सुमारास अमेरिकेत 'कोरेमलू' नावाचं मलम निघालं. त्यात थॅलियमचं क्षार होतं, म्हणजे उंदराच्या विषाचा माल. केस गळत, आणि पाठोपाठ पायांतलं बळही जाई. कंपनी १९३२ साली बुडाली. त्याच्या थोडं आधी क्ष-किरणांनी केस काढणारी 'ट्रायको' यंत्रं सौंदर्यालयांत बसली होती. त्यांखाली बसलेल्या कित्येक बायकांना पुढं कर्करोग झाला. नर्तकी असोत की कारकून, रांगेत सगळ्याच होत्या.

पायांची पाळी काखेनंतर आली. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटला गेलं, मोजे मिळेनात. बायकांनी पायांना रंग लावून मोज्यांचा भास आणायला सुरुवात केली, आणि रंगाखाली केस चालेनात. १९६४ पर्यंत १५ ते ४४ वयाच्या अमेरिकन बायकांपैकी ९८ टक्के पायांवरून रेझर फिरवत होत्या, असं त्या वेळची पाहणी सांगते. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये काही नर्तकनर्तकी रोजच्या कपड्यांत, चालणं आणि पळणं यालाच नाच म्हणू लागले होते. त्यांच्यातल्या इव्हॉन रेनर यांनी १९६५ साली नकारांची एक यादीच लिहिली. दिखाऊपणाला नकार, झगमगाटाला नकार. केसांचा तीत उल्लेख नाही. पण मंचावरचं शरीर रस्त्यावरच्या शरीरासारखं असू शकतं, एवढी जागा त्यांनी करून ठेवली, आणि समकालीन नृत्यात न काढलेले केस घेऊन उभं राहणाऱ्या नर्तकी त्याच जागेत उभ्या आहेत.

शास्त्रीय आणि व्यावसायिक मंचावर ती जागा अजून झालेली नाही. २०१८ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या नाट्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं प्रयोगातल्या भूमिकेसाठी अंगावरचे केस वाढवले. हळूहळू ते तिला आवडू लागले, आणि तिनं २०१९च्या जानेवारीत महिनाभर केस न काढण्याची मोहीम सुरू केली.   तिच्या आईला आधी समजेना, की ही आळशीपणा करते आहे का काही सिद्ध करते आहे.

आपल्या अरंगेत्रमच्या याद्यांत अजून ही ओळ असते. दागिने, गजरा, आलता, सेफ्टी पिना, वॅक्सिंग. मुलांच्या यादीत ती क्वचितच. छाती उघडी ठेवून धोतरावर नाचणाऱ्या भरतनाट्यमच्या मुलग्यांतले काही आता स्वतःहून पार्लरला विचारायला लागले आहेत.