मेट्रनचा क्रॉस आधी, हुद्दा नंतर : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातल्या शुश्रूषेच्या इतिहासात ग्वाल्हेर येतं ते एका जहाजामुळे. डिसेंबर १९१४ मध्ये माधवराव शिंद्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही प्रवासी बोट विकत घेतली आणि महिन्याभरात ती ‘लॉयल्टी’ नावानं भारतीय सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज झाली. पुढे ती सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनकडे गेली आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेचा. त्या दिवशी तिच्यातल्या इस्पितळाची आठवण सहसा कुणी काढत नाही.

फौजी परिचारिका इथे त्याआधीपासून होत्या. कॅथरिन लॉक आपल्या तुकडीसह १८८८ मध्ये मुंबईत उतरल्या, पण नेमणूक होती गोऱ्या सैनिकांच्या इस्पितळांत. त्यांना मिळू शकणारा ‘रॉयल रेड क्रॉस’, म्हणजे फौजी शुश्रूषेसाठीचं ब्रिटिश पदक, त्याहून जुना, १८८३ चा. निळी फीत, किनार किरमिजी, फितीचा बो बांधून त्याखाली क्रॉस. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याला दुसरा वर्ग जोडला गेला, कारण युद्धात पात्र बायकांची संख्याच फुगली.

क्रॉस बहुतेकदा मिळे तो एखाद्या शौर्याच्या प्रसंगासाठी नव्हे, तर महिनोन्‌महिने न चुकता केलेल्या कामासाठी. कॅरेल-डेकिन ड्रेसिंगच घ्या, म्हणजे जखम जंतुनाशक द्रावणानं पुन्हा पुन्हा भिजवायची पद्धत. सोडियम हायपोक्लोराइटचं ०.४५ ते ०.५ टक्के द्रावण. जखमेत खोल सोडलेल्या बारीक रबरी नळ्या, त्यांची टोकं बांधलेली, छिद्रं बाजूला. दर दोन तासांनी नळीवरचा चिमटा सैल करून जखम भिजवायची, रात्रीसुद्धा. वीस खाटांचा वॉर्ड म्हणजे दिवसाला २४० वेळा. द्रावण ०.४ टक्क्यांच्या खाली गेलं की जंतू मरत नाहीत, ०.५ च्या वर गेलं की कातडी पोळते. म्हणून जखमेच्या कडेला व्हॅसलीन लावलेलं गॉज. उजेडात राहिलेली किंवा तापवलेली बाटली ओतूनच टाकायची. भिजवायची एक वेळ चुकली तर डॉक्टरला ती दोन दिवसांनी पू दिसल्यावर कळते. मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, ती त्याच रात्री कळली पाहिजे.

एवढं करूनही तिला फौजेतला हुद्दा नव्हता. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १ ऑक्टोबर १९२६ ला कायम झाली, पण कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा आला तो १९४३ च्या वटहुकमानं. घरातल्या जुन्या फोटोत फौजी मेट्रनच्या अंगावर क्रॉस असेल आणि खांद्यावर तारे नसतील, तर तो बहुधा त्याआधीचा समजावा.