बापाच्या मनाची विचारपूस कधी सुरू झाली?

साताऱ्यातल्या माण-खटावच्या दुष्काळाने आणि पाटण-जावळीच्या डोंगरांनी कित्येक घरांतला बाप मुंबईला धाडला. कुणी गिरणीत, कुणी माथाडी. गावाकडे दर महिन्याला मनिऑर्डर यायची. फॉर्मच्या तळाशी मजकुराला जेमतेम दोन-तीन ओळींची जागा. त्यात 'खुशाल आहे, पोरांना शाळेत धाडणे' एवढंच मावायचं. सांगलीच्या खानापूर-आटपाडीतले तरुण गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर, देशभर पांगले. पोरांना बाप दिसायचा तो यात्रेला, नाहीतर दिवाळीला. तो खरंच खुशाल आहे का, हे विचारायची रीतच नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि अनेक कामगार कायमचे गावी परतले. काम गेलेला, अबोल झालेला बाप दिवसभर ओसरीवर बसून राही. अशा घरांत पोरांनी काय सोसलं, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

गंमत नव्हे, खंत अशी की शास्त्रानेही बापाकडे बराच काळ कमावता म्हणूनच पाहिलं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बाळाच्या मनाचा सगळा भार आईवर टाकला. बापाचं काम घर चालवणं आणि आईला आधार देणं. बाप हा मुलाच्या वाढीतला विसरलेला वाटेकरी आहे, असं मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब यांनी १९७५ मध्ये लिहिलं. बाळंतिणीचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये एडिंबरोची दहा प्रश्नांची चाचणी आली, तीही आईसाठीच.

हीच चाचणी पुढे बापांनाही दिली गेली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या कुटुंबांचा मागोवा घेतला जात होता. बाळ आठ आठवड्यांचं असताना बापालाही प्रश्नावली भरायला दिली होती. त्यावरून पॉल रामचंदानी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निष्कर्ष मांडला: तेव्हा खचलेल्या बापांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागणुकीच्या आणि भावनिक तक्रारी जास्त दिसल्या, मुलग्यांमध्ये विशेष. आईचं नैराश्य हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. २०१० मध्ये ४३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा बाळाच्या जन्माच्या आगेमागे साधारण दहातला एक बाप नैराश्यात आढळला.

आपल्याकडे ते नैराश्य म्हणून ओळखूच येत नाही. 'टेन्शन घेतलंय', 'दारू वाढलीय', 'उगाच पोरांवर खेकसतो' असंच म्हटलं जातं. तासगावात ऐन द्राक्ष काढणीत अवकाळी पाऊस झाला की बाग जाते, सोसायटीचं कर्ज मात्र उरतं. खचलेला माणूस लेकराशी बोलत नाही, खेळत नाही, त्याचा ताण बायकोवर येतो; लेकराला दोन्हीकडून तुटतं. उपचारही जवळ नव्हते. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. साताऱ्यात नाही, सांगलीतही नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. पण फोन बापानेच लावायला हवा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं बघतात. बाप तिथेच अंगणात असतो. झोप लागते का, बाळाला घ्यावंसं वाटतं का, एवढं त्यालाही त्याच फेरीत विचारलं जावं.