शेतातून निघालेले हात गेले कुठे?

आधी एक आकडा सांगतो, त्याच्यामुळेच हे सगळं लिहायला बसलो. सरकारच्याच पीएलएफएस या रोजगार मोजणाऱ्या सर्व्हेप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशात काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते आणि २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के. कमी नाही, वाढले. कोविडमध्ये लोक पोराबाळांना घेऊन हायवेने चालत गावाकडे निघाले ते आपण सगळ्यांनी बघितलं, तेव्हा आकडा वाढला तर समजू शकतो, पण कोविड गेला, जीडीपी परत पळायला लागला, मेट्रो झाल्या, एक्सप्रेसवे झाले, तरी आकडा काही जुन्या जागी आला नाही. आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा किती, तर १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी उत्पन्न वाटून घेतायत.

जे देश पुढे गेले, जपान घ्या, कोरिया घ्या, नंतर चीन, तिथे माणसं शेतातून कारखान्यात गेली आणि परत फिरली नाहीत. आपली गाडी रिव्हर्समध्ये का गेली याचं उत्तर एका सरकारच्या चार-पाच वर्षांत शोधायला गेलं की नुसती भांडणं होतात, त्यामुळे जरा मागे जाऊ. चांगलं शंभर वर्षं मागे.

पुण्याजवळचं पिंपळे सौदागर माहीतच असेल, आता तिथे टॉवर आणि मॉल आहेत आणि हिंजवडीला जाणारी आयटीवाली मंडळी राहतात. पण १९१७ च्या सुमारास हे साधं शेतकऱ्यांचं गाव होतं आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी त्याचा घर न् घर, शेत न् शेत अभ्यास केला. त्यांना दिसलं की १७७१ मध्ये सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. वाटण्या, कर्ज, परत वाटण्या. तेव्हा सगळीकडे हीच चर्चा चालू होती की तुकडे फार झाले, ते एकत्र करा, कायदा करा.

आणि मग १९१८ मध्ये २७ वर्षांचे डॉ. आंबेडकर, जे त्याच वर्षी सिडनहॅम कॉलेजात शिकवायला लागले, त्यांनी लहान शेतांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. आपण बाबासाहेबांना या विषयासाठी जवळजवळ आठवतच नाही, ही आपली गंमत. त्यांचं म्हणणं साधं होतं, की जमिनीचा तुकडा लहान आहे हा रोग नाही, ते लक्षण आहे. शेत लहान की मोठं हे एकरावर ठरत नाही, त्यावर किती हात आणि किती भांडवल लागलंय त्यावर ठरतं. रोग हा आहे की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं बसली आहेत, ती खातात पण त्यांच्या हाताला पूर्ण काम नाही, आणि दुसरीकडे जायला जागा नाही. तुकडे जोडून काय होणार, ही जादा माणसं कुठे जाणार? त्यांचा उपाय होता उद्योगधंदे. शेतीवरचा भार कारखान्यांनी उचलला की शेती आपोआप सुधारेल.

त्यानंतर ३६ वर्षांनी, १९५४ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी जवळपास याच पायावर एक मॉडेल मांडलं, की गरीब देशात शेतीत जादा मजूर असतात, आधुनिक उद्योग त्यांना थोड्या वरच्या मजुरीवर ओढून घेत जातो, नफा परत गुंतवतो, अजून माणसं ओढतो, असं करत देश वर येतो. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सचं कुठलंही लेक्चर इथूनच सुरू होतं.

पण या मॉडेलमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कारखाना माणसं ओढेल. आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडलं, आणि एकदा नाही, तीन-चार वेळा, दर वेळी वेगळ्या कारणाने.

पहिली वेळ दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची, १९५६. ती आखणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा विचार असा की आधी पोलाद आणि मशिनरी, म्हणजे पुढे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. भिलाई रशियनांच्या मदतीने, राउरकेला जर्मनांच्या, दुर्गापूर इंग्रजांच्या. हे सगळं मूर्खपणाचं होतं असं मी म्हणणार नाही, परकीय चलन नव्हतं आणि निर्यात वाढेल यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. पण पोलाद कारखान्यात पैसा खूप लागतो आणि माणसं त्या मानाने थोडी. मग रोजगाराचं काय? त्यासाठी द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली १९५५ मध्ये समिती बसली होती, तिने सांगितलं की कापड, तेल असल्या रोजच्या वस्तू ग्रामोद्योग आणि छोट्या उद्योगांनी बनवाव्यात, तिथे हातांना काम मिळेल. म्हणजे वाटणीच झाली, मोठा उद्योग देश उभा करेल आणि छोटा उद्योग पोटं भरेल.

याला विरोध मुंबईतूनच झाला, मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद हे दोघे अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते की आधी पोटापाण्याच्या वस्तू वाढवा, धान्य, कापड, कारण कामावर नवीन माणूस घेतला की तो पगारातून आधी हेच विकत घेणार, आणि ते बाजारात नसेल तर महागाई होईल. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. नंतर साठच्या दशकात दुष्काळ पडले, अमेरिकेहून पीएल-४८० चा, म्हणजे त्यांच्या अन्नमदतीच्या कायद्याखालचा गहू आणावा लागला, तेव्हा त्यांची आठवण किती जणांना झाली कुणास ठाऊक.

दुसरी अडचण या वाटणीतूनच जन्मली. छोट्यांना वाचवायचं म्हणून १९६७ मध्ये ४७ वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या, सत्तरच्या दशकाअखेर ही यादी ८०० च्या वर गेली. त्यात तयार कपडे, चपला-बूट, खेळणी, म्हणजे नेमक्या त्याच वस्तू ज्यांच्यात जगभर सगळ्यात जास्त माणसं लागतात. हेतू चांगला, पण निकाल असा की शर्ट शिवणाऱ्याने मोठं व्हायचंच नाही, झाला तर कायद्याच्या बाहेर. मोठी ऑर्डर आली की मालक तीन वेगळ्या नावांनी तीन शेड टाकायचा. आता शेजारी बघा. १९७९ मध्ये बांगलादेशातल्या ‘देश गारमेंट्स’ नावाच्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून १३० माणसं शिवणकामाच्या ट्रेनिंगला कोरियात पाठवली. ती परत आली, त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, आणि आज तिथे ४० लाखांच्या आसपास लोक, त्यात निम्म्याहून जास्त बायका, गारमेंटमध्ये आहेत आणि कपड्यांची निर्यात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्याकडच्या मजुरीचे आणि सुरक्षेचे हाल आपल्याला माहीत आहेत, २०१३ मध्ये राणा प्लाझा ही गारमेंट कारखान्यांची इमारत कोसळून ११०० च्या वर माणसं गेली, तेव्हा तो काही स्वर्ग नाही. पण शेतातली मुलगी पगाराच्या नोकरीला लागली हे तिथे झालं आणि आपल्याकडे त्या प्रमाणात झालं नाही. आपण कपड्यांचं आरक्षण उठवायला सुरुवात केली २००० नंतर, आणि यादीतल्या शेवटच्या २० वस्तू सुटल्या थेट २०१५ मध्ये. तोवर चीन सगळं मार्केट घेऊन बसला होता.

इथे थोडं गिरणगावात थांबायला पाहिजे, कारण मराठी माणसापुरतं बोलायचं तर लुईस यांचं मॉडेल खरंच चाललं ते तिथे. कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून माणसं परळ-लालबागला आली, खोलीत दहा-पंधरा जण राहिले, खानावळीत जेवले, आणि गावी मनीऑर्डर गेली. गावची शेती टिकली ती या मनीऑर्डरवर. पहिली गिरणी १८५४ मध्ये दावर यांनी स्थापन केली तेव्हापासून सव्वाशे वर्षं हे चाललं. मग १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंतांचा संप, जवळपास अडीच लाख कामगार. संप कुणामुळे फसला यावर आजही लालबागच्या चहाच्या टपरीवर दोन तट पडतात, त्यात मी पडत नाही. पण संपाआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. हातमाग वाचवायचा म्हणून सरकारने पन्नासच्या दशकातच गिरण्यांना माग वाढवायची बंदी घातली होती. गिरणी थांबली पण हातमाग काही वाढला नाही, मधल्या फटीत पॉवरलूम शिरला, कारण त्याला एक्साइजची सवलत होती आणि कामगार कायदे तिथे नावाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. काम तेच, विणायचंच, पण गिरणीत युनियन, पीएफ, ग्रॅच्युइटी, आणि इथे बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. संप झाला तेव्हा मालकांना पर्याय तयारच होता, बाहेरून कापड विणून घ्यायचं. म्हणजे नोकरी मेली नाही खरं तर, ती खाली सरकली. भारतातल्या रोजगाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हे खाली सरकणंच आहे, आज दहातले आठ-नऊ जण ज्याला असंघटित म्हणतो त्यात आहेत ते काही उगीच नाही.

दरम्यान १९७२ चा दुष्काळ. उद्योग माणसं ओढत नाही हे तेव्हा सरकारने एका अर्थी कबूलच केलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना आधी १९६५ मध्ये तासगावच्या भागात करून बघितली होती, दुष्काळात ती रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडणं, मस्टरवर अंगठा. पैसा कुठून, तर १९७५ मध्ये लावलेल्या व्यवसाय करातून. तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला प्रोफेशन टॅक्स कापला जातो ना, त्याचं मूळ हे. शहरातल्या पगारदाराने गावातल्या खडी फोडणाऱ्याला दिलेले पैसे. पुढे २००५ चा देशाचा रोहयो कायदा यावरूनच आला. योजना चांगलीच, तिने लोक जगवले, पण ती जगवण्याची योजना होती, गावातून वर नेण्याची नव्हती.

मग १९९१ च्या आर्थिक सुधारणा. कारखाना काढायला लागणारे लायसन्स गेले, वाढ झाली, खरंच झाली, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ती कुठे झाली? सॉफ्टवेअर, बँका, टेलिकॉम. इंग्रजी आणि डिग्री असलेल्याला. आयटीत आज ५० लाखांच्या वर लोक आहेत, ऐकायला खूप वाटतं, पण देशात काम करणारे ५० कोटींच्या वर आहेत. अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक याला अकाली वि-औद्योगिकीकरण म्हणतात, की हल्लीच्या गरीब देशांत कारखानदारीची भरती पूर्ण यायच्या आधीच ओहोटी लागते, कारण मशिन स्वस्त झाली आणि चीनशी टक्कर. मेक इन इंडिया सप्टेंबर २०१४ मध्ये आलं तेव्हा कारखानदारीचा जीडीपीतला वाटा २०२२ पर्यंत २५ टक्के करायचं ठरलं होतं. तो १३-१७ च्या घरातच फिरतोय.

लेबर लॉमुळे हे झालं असं कुणी म्हटलं की मला अर्धंच पटतं. १९७६ मध्ये मोठ्या कारखान्यांना कामगार कमी करायला सरकारी परवानगी लागू झाली, १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० कामगारांपर्यंत खाली आली, हे खरं. पण मालकांनी वाट काढलीच ना. कारखान्यांमधल्या कामगारांत कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं प्रमाण २००० च्या आसपास पाचात एक होतं ते आता पाचात दोन झालंय. चाकणला जाऊन बघा, गेटवर युनिफॉर्म सगळ्यांना सारखाच, पण परमनंट कोण, कॉन्ट्रॅक्टचा कोण, ट्रेनी कोण हे फक्त आयकार्डच्या पट्टीवरून कळतं.

आणि मग शेतातून निघालेले हात गेले कुठे? बरेचसे बांधकामावर. २००५ ते २०१२ मध्ये शेती सोडणाऱ्यांना सगळ्यात जास्त बांधकामाने सामावून घेतलं, म्हणजे पिंपळे सौदागरचे टॉवर बांधायला. काही हंगामापुरते निघतात, बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून साखर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. वाट्याची जमीन मात्र कमी होतच चाललीय, महाराष्ट्रात सरासरी खातं १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं ते २०१५-१६ मध्ये १.३४ झालं.

आता सुरुवातीच्या आकड्याकडे, शेतीतली माणसं वाढली कशी? १५ वर्षांवरच्या बायकांमध्ये कामात असलेल्यांचं किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ झालं, आणि ही वाढ मुख्यतः घरच्या शेतात, स्वतःच्या छोट्या धंद्यात, बऱ्याचदा बिनपगारी. सर्व्हेत घरच्या शेतात राबणं हेसुद्धा काम धरतात, धरायलाच पाहिजे. त्यामुळेच बेकारीचा दर ६.१ वरून ३.२ टक्क्यांवर आलेला दिसतो आणि तरी घराघरात पोरगं बसून आहे असं वाटतं. गरिबाला बेकार राहणं परवडत नाही, तो काहीतरी करतोच, बेकार राहतो तो शिकलेला, ज्याच्या मागे अजून थोडी जमीन किंवा बापाचा आधार आहे. २०२२-२३ मध्ये ग्रॅज्युएट लोकांमधला दर १३ टक्क्यांच्या वर होता.

ही शिकलेली पोरं पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतात. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या तर १० लाखांच्या वर अर्ज आले, त्यात इंजिनिअरही होते. ज्यांच्या सातबाऱ्यावर आता एकर-दोन एकरच उरलंय, त्यांची पोरं सातबारा लिहिणाऱ्याच्या खुर्चीसाठी रांगेत उभी आहेत.