छोट्या मोटारीचा रिकॉल आणि सदोष गाडीची तक्रार : नाशिकच्या गाडीमालकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

गाडीत गंभीर दोष निघाला की नाशिकमधील बरेच गाडीमालक आधी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे वळतात, आणि तिथेच त्यांचा पहिला दिवस वाया जातो. गाडीची नोंदणी, मालकी हस्तांतरण, कर आणि योग्यता प्रमाणपत्र ही या कार्यालयाची कामे आहेत. एखाद्या कंपनीला तिने विकलेल्या गाड्या दोष काढण्यासाठी परत बोलवायला, म्हणजे ‘रिकॉल’ करायला, लावण्याचा अधिकार त्याला नाही. तो केंद्र सरकारकडे आहे. मालकाला वैयक्तिक भरपाई हवी असेल, तर त्याचा मार्ग ग्राहक आयोगातून जातो. या दोन्हींच्या आधी, विनाशुल्क आणि घरबसल्या होणारी एक तपासणी आहे. ती राहून गेल्यामुळे लोक नको त्या ठिकाणी अर्ज करत बसतात, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

आधी चॅसिस क्रमांक तपासा

नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आर.सी.वर, चॅसिस क्रमांक छापलेला असतो. तो सतरा अक्षरांकांचा असतो आणि गाडी कोणत्या तुकडीतील आहे हे कंपनीला त्यावरून कळते. भारतात बनलेल्या मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा क्रमांक ‘एमए३’ने, ह्युंदाईचा ‘एमएएल’ने आणि टाटाचा ‘एमएटी’ने सुरू होतो. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे या क्रमांकात वापरली जात नाहीत. त्यामुळे पुसट आर.सी.वर गोल चिन्ह दिसले तर ते ओ नसून शून्य आहे असे समजावे. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉलच्या पानावर टाकला, की त्या गाडीसाठी एखादे काम प्रलंबित आहे की नाही ते समजते. मारुतीच्या बाबतीत अरेना आणि नेक्सा या दोन विक्री साखळ्यांची संकेतस्थळे वेगळी आहेत, म्हणून बलेनोचा मालक नेक्साच्या पानावर आणि वॅगनआरचा मालक अरेनाच्या पानावर तपासेल.

ही तपासणी एकदा करून भागत नाही, हे वॅगनआरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने एक लिटर इंजिनाच्या ४०,६१८ वॅगनआर परत बोलावल्या. इंधनाची नळी धातूच्या क्लॅम्पला घासत असल्याची शंका हे त्याचे कारण होते आणि गाड्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या होत्या. जुलै २०२० मध्ये इंधन पंपातील संभाव्य दोषासाठी ५६,६६३ वॅगनआर आणि ७८,२२२ बलेनो बोलावण्यात आल्या. त्यातील वॅगनआर १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळातील होत्या. पुढे मार्च २०२४ मध्ये इंधन पंपाच्या मोटरमधील एका भागासाठी ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ४,१९० वॅगनआर आणि ११,८५१ बलेनो बोलावण्यात आल्या. म्हणजे २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यातून बाहेर पडलेली वॅगनआर तारखांच्या हिशेबाने तिन्ही यादींच्या कक्षेत येते, आणि त्यातली शेवटची यादी गाडी साडेचार वर्षांची झाल्यावर निघाली. तारीख जुळली म्हणून गाडी यादीत असतेच असे मात्र नाही. निकाल चॅसिस क्रमांकच देतो. माझ्या मते दर सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी हा क्रमांक एकदा टाकून पाहावा, त्याला दोन मिनिटे लागतात.

रिकॉलचे काम अधिकृत वर्कशॉपमध्ये विनामूल्य होते. सुट्या भागाचे पैसेही नाहीत आणि मजुरीही नाही. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती गेली असली तरी त्याने फरक पडत नाही, कारण रिकॉल गाडीला लागू असतो. अडचण येते ती कळवण्यात. कंपनी तिच्याकडे नोंदलेल्या मालकाला कळवते. सिडकोतील माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ठाण्याहून जुनी गाडी घेतली आणि सहा महिने हस्तांतरण रखडू दिले. दरम्यान रिकॉलचे पत्र ठाण्याच्या पत्त्यावर जाऊन पडले आणि पहिल्या मालकाने ते केराच्या टोपलीत टाकले. जुनी गाडी घेतल्यास नमुना २९ आणि ३० भरून तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज करावा. नुसता पत्ता बदलला असेल तर नमुना ३३ लागतो. गाड्यांच्या नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत स्वतःचा चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे याचीही खात्री करावी, कारण ऑनलाइन कामांसाठी ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. मालेगाव पट्ट्यातील एमएच-४१ क्रमांकाच्या गाड्यांसाठी ही कामे मालेगावच्या कार्यालयात होतात, पेठ रोडला नव्हे.

काही वेळा कंपनी दुरुस्तीपर्यंत गाडी चालवूच नका असे सांगते. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरमधील शंकेमुळे अल्टो के१०, एस-प्रेसो, इको, बलेनो, ब्रेझा आणि ग्रँड व्हिटारा अशा १७,३६२ गाड्या बोलावताना अशीच सूचना दिली गेली होती. अशा वेळी वर्कशॉपला फोन करून गाडी उचलून नेण्याची मागणी करावी आणि ती लेखी करावी.

यादीत नाव नाही, पण दोष आहे

रिकॉल म्हणून कंपनीने काही जाहीर केलेले नाही, तरीही गाडीत धोकादायक दोष आहे, अशा परिस्थितीत दुसरा मार्ग खुला होतो. भारतातील वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायची रिकॉल संहिता आणली होती. कायद्याची सक्ती आली ती मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ मुळे, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतील माणसांना किंवा रस्त्यावरील इतरांना हानी पोहोचू शकत असेल, आणि तो दोष ठरावीक टक्केवारीतील मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा अन्य स्रोताने केंद्र सरकारच्या नजरेस आणला असेल, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. आदेश निघाल्यास कंपनीने गाडीची पूर्ण किंमत परत करावी, किंवा तशीच अथवा अधिक चांगली गाडी बदलून द्यावी, किंवा दुरुस्ती करावी, असे कलमात म्हटले आहे. शिवाय दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला, तर मात्र तिला दंड भरावा लागत नाही.

पात्रतेच्या दोन अटी नीट समजून घ्याव्यात. पहिली, हे नियम बनून सात वर्षे पूर्ण न झालेल्या गाड्यांसाठी आहेत आणि सात वर्षे निर्मितीच्या तारखेपासून मोजली जातात. शोरूमच्या आवारात आठ महिने उभी राहून नंतर विकली गेलेली गाडी आर.सी.वरील नोंदणीच्या तारखेवरून तरुण वाटते, प्रत्यक्षात तिची मुदत आधीच चालू झालेली असते. आर.सी.वर निर्मितीचा महिना आणि वर्ष दिलेले असते, ते पाहावे. दुसरी अट दोषाच्या स्वरूपाची आहे. तो सुरक्षिततेशी किंवा पर्यावरणाशी संबंधित हवा आणि त्या प्रकारच्या गाड्यांत मुळातून असलेला हवा. ब्रेक, स्टिअरिंग, इंधन गळती, एअरबॅग, वायरिंग तापणे हे विषय त्यात येतात. मायलेज कमी मिळणे, डॅशबोर्ड खडखडणे, रंग फिका पडणे, म्युझिक सिस्टिम बंद पडणे यांसाठी हा मार्ग नाही, आणि त्या तक्रारी इथे नोंदवल्याने खऱ्या तक्रारींची नोंद गढूळ होते.

अर्ज केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावरील वाहन रिकॉलच्या पानावरून होतो आणि त्याला शुल्क नाही. गाडीचा नोंदणी क्रमांक, चॅसिस क्रमांक आणि मोबाइल क्रमांक हाताशी ठेवावेत. दोष कोणत्या भागात आहे, तो कोणत्या परिस्थितीत जाणवतो आणि किती वेळा जाणवला, हे थोडक्यात पण नेमके लिहावे. इथे अर्ज केल्याने तुमच्या एकट्याच्या गाडीचे पैसे परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. एकाच दोषाच्या तक्रारी ठरलेल्या प्रमाणापर्यंत साचल्या, की चौकशीची पायरी येते. हे प्रमाण वाहनाचा प्रकार आणि त्याची वार्षिक विक्री यांवर ठरते. म्हणून त्याच मॉडेलच्या इतर मालकांनाही आपापली तक्रार नोंदवायला सांगणे, हाच या मार्गातला मालकाच्या हातातला खरा उपाय आहे.

जॉब कार्डावर काय लिहिले जाते

दोन्ही मार्गांना, आणि पुढच्या ग्राहक आयोगालाही, उपयोगी पडणारा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे वर्कशॉपचे जॉब कार्ड, म्हणजे गाडी कामाला घेताना तक्रार लिहून ज्यावर मालकाची सही घेतात तो कागद. दोन पावसाळ्यांपूर्वी कसारा घाट चढताना माझ्या गाडीचे स्टिअरिंग वळणावर एकाएकी जड झाले आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली, तर दिवाही गेला आणि स्टिअरिंगही हलके झाले. नाशिकला परतल्यावर वर्कशॉपमध्ये सगळे सविस्तर सांगितले. सर्व्हिस अॅडव्हायझरने मान डोलावली आणि जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले. मीही न वाचता सही केली. दुसऱ्यांदा तसेच झाल्यावर त्यांचे उत्तर होते, की आधीच्या भेटीत स्टिअरिंगची तक्रार नोंदलेलीच नाही. त्या वेळी मी सही करण्याआधी ओळ बदलून घेतली : ‘चढावर, कमी वेगात, वळताना स्टिअरिंग जड होते, पिवळा दिवा लागतो, गाडी बंद करून सुरू केल्यावर जातो; दुसरी वेळ.’ तारीख आणि किलोमीटरचा आकडाही त्यात आला. तिसऱ्या भेटीत वॉरंटीत स्टिअरिंगची मोटर बदलून मिळाली.

वर्कशॉपवाले नकार देत असतील तर हीच ओळ त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेलने पाठवावी. दिवा लागलेला असताना, गाडी सुरक्षित जागी थांबवून, मोबाइलवर किलोमीटरच्या आकड्यासह छोटे चित्रीकरण करून ठेवावे. ते पुराव्यासाठी उपयोगी पडते, कारण वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत दिवा हमखास गेलेला असतो.

ग्राहक आयोगाकडे जाताना

वारंवार दुरुस्ती करूनही दोष जात नसेल, वॉरंटी नाकारली गेली असेल किंवा दोषामुळे नुकसान झाले असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. तिथे मराठीतही बोलता येते. त्या नोंदीवर कंपनी उत्तर देते, पण ते बंधनकारक आदेशाच्या स्वरूपाचे नसते.

तक्रारदाराने गाडी मोबदला देऊन, व्यापारी हेतूखेरीज घेतलेली असावी. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली एकच टॅक्सी स्वयंरोजगार म्हणून यात बसू शकते. ताफ्यातील गाडी बसत नाही. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, त्यामुळे छोट्या मोटारींची प्रकरणे नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेच येतात. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीत किंवा चेन्नईत असले तरी तिथे जावे लागत नाही, कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला असल्यास शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो; उशीर झाल्यास सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. दुरुस्तीच्या आश्वासनांवर थांबून राहिलेले कित्येक जण या दोन वर्षांवरच अडकतात.

अर्जासोबत गाडीचे बिल, आर.सी., विमा, वॉरंटीची पुस्तिका, तारखेच्या क्रमाने लावलेली सर्व जॉब कार्डे, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, घटनाक्रमाची यादी आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. कर्जावर घेतलेल्या गाडीचे कर्जाचे कागदही लावावेत. शोरूम आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वकिलामार्फत नोटीस पाठवण्याची कायद्याची सक्ती नाही, तरी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवून पोचपावती जोडलेली बरी. अर्ज मराठीत लिहिता येतो, स्वतः बाजू मांडता येते आणि १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून तो ऑनलाइनही दाखल होतो.

‘उत्पादनातील दोष’ हा शब्द अर्जात वापरला, की तो सिद्ध करण्याची जबाबदारी येते. दोष नुसता पाहून कळण्यासारखा नसेल, तर गाडी योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची विनंती अर्जातच करावी. तपासणीची गरज नसलेली तक्रार विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चालावे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात आणि ते आणखी पंधरा दिवसांपर्यंतच वाढवता येतात. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

पेठ रोडची पायरी चढावी लागते ती सगळ्यात शेवटी आणि तीही क्वचित. रिकॉलमध्ये किंवा आयोगाच्या आदेशाने इंजिन बदलले गेले, तर नवा इंजिन क्रमांक आर.सी.वर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी वर्कशॉपचे बदलाचे पत्र, नव्या इंजिनाचे बिल, जुनी आर.सी. आणि चालू विमा न्यावा, कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्रही न्यावे. वर्कशॉपमधून गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट उघडून बिलावरचा क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक स्वतः जुळवून पाहावा, कारण तपासणीच्या वेळी अधिकारीही तेच करतो.