जिनिंग, जू आणि रात्री पाठ केलेले शब्द

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत दिवा असतो. पोलीस भरती, बँक, एमपीएससी, ज्याची त्याची तयारी. गेल्या हिवाळ्यात एक पोट्टी इंग्रजी शब्दांची वही घेऊन आली. "सर, काल पन्नास शब्द पाठ केले होते ना मी, आज धा बी आठवून नाही राहिले. माह्या डोक्यातच काही खोट हाय का?"

डोकं ठणठणीत आहे, बेटा. विसरणं हा मेंदूचा रोजचा कारभार आहे आणि तो मोजून झालेला आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही वेळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचा. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, तासाभरानं ४४, एका दिवसानं ३४ आणि महिन्यानं २१. म्हणजे जी गळती व्हायची, तिचा मोठा भाग पहिल्याच दिवशी होतो. त्यानंतर जे उरतं ते हळूहळू झिजतं. पन्नासातले चाळीस शब्द सकाळी गायब झाले, यात तिचा दोष काहीच नव्हता.

मग उपाय काय? आपली पोरं वही पुन्हा पुन्हा वाचतात. इथंच मोठी फसगत आहे. अमेरिकेतल्या जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायचे होते. मशुआ म्हणजे होडी, असे. एखादा शब्द एकदा बरोबर आला की पुढं काहींनी तो फक्त वाचत राहायचा आणि काहींनी अर्थ न बघता आठवत राहायचा. आठवड्यानं परीक्षा घेतली. आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचत राहिलेल्यांना ३६ टक्क्यांच्या आसपास. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: आपल्याला किती येईल, असं आधी विचारलं तेव्हा दोन्हीकडच्या मुलांचा अंदाज जवळपास सारखाच होता, निम्मे. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच येणं, असं आपण धरून चालतो. वही मिटून, कपाळाला आठ्या घालून जो शब्द ओढून काढावा लागतो, तो पक्का होतो.

हे ओढून काढणं एकाच रात्री दहादा नको. हरभऱ्याला सगळं ओलीत एकदम दिलं तर झाड पिवळं पडतं. फांद्या फुटताना एक पाणी, घाटे भरताना दुसरं, असं ते पोसतं. शब्दालाही आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्यानं, असं पाणी द्यावं. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका अंगाला शब्द, दुसऱ्या अंगाला अर्थ आणि स्वतः रचलेलं एक वाक्य. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या डब्यात, जिची पाळी उशिरा येते. चुकला की परत पहिल्या डब्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७०च्या दशकात ही रीत लोकप्रिय केली. मोबाइलवरची बरीच शब्दांची ॲप याच तत्त्वावर चालतात.

दुसरी गोष्ट मुळांची. नवा शब्द एकटा टांगून ठेवला की पडतो, ओळखीच्या शब्दाला बांधला की टिकतो. आणि ओळखीचे शब्द आपल्या शिवारातच आहेत. कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करायला, जातो. त्यातलं 'जिन' म्हणजे 'एंजिन'चं आखूड रूप. एंजिन आलं लॅटिन 'इंगेनियुम'पासून, म्हणजे जन्मजात बुद्धी, कल्पकता. त्याच घरातला 'इन्जीनिअस': कल्पक. हा शब्द उपकरणाला, युक्तीला, माणसाला लागतो. हवामानाला किंवा भाजीला लागत नाही. यातला 'जेन' हा धातू आपल्या 'जन्म'मधल्या 'जन्'चा सख्खा नातलग आहे. शेजारचाच 'इनजेन्युअस' मात्र वेगळा: भोळा, निष्कपट. परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते.

बैलाच्या खांद्यावरचं जू घ्या. संस्कृतात युग, लॅटिनमध्ये 'युगुम', इंग्रजीत 'योक', एकाच मुळाचे फाटे. 'सब्जुगेट' म्हणजे शब्दशः जुवाखाली आणणं, अंकित करणं. हरलेल्या सैनिकांना रोमन लोक भाल्यांच्या केलेल्या जुवाखालून वाकून जायला लावत. म्हणून हा शब्द लोकांना, देशाला शोभतो. नवराबायकोच्या नात्याचा 'कॉन्जुगल' हाही त्याच जुवाचा, आणि तो आपल्या कायद्याच्या भाषेत अजून आहे.

उच्चाराचं दुखणं वेगळं. मराठीत शब्दाच्या एका भागावर जोर दिल्यानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजीत जोर हाच शब्दाचा कणा. 'फोटग्राफ'मध्ये तो 'फो'वर, 'फटॉग्रफी'मध्ये 'टॉ'वर, 'फोटग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर, आणि बाकीचे स्वर दबून जातात. 'इन्जीनिअस'मध्ये जोर 'जी'वर, 'इनजेन्युअस'मध्ये 'जे'वर. स्पेलिंगवरून हे कळत नाही, त्यामुळे शब्द लिहिण्याआधी ऐकावा.

कानाची मर्यादाही खरी आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो, आणि वर्ष भरत येईतो तो बहुतेकांच्या कानातून निघून जातो. 'वाइन' आणि 'व्हाइन' यांत आपली गत अशीच होते. पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. पण गेलेला कान थोडा परत येतो. 'र' आणि 'ल'मध्ये घोटाळा होणाऱ्या जपानी प्रौढांना निरनिराळ्या लोकांच्या आवाजात शब्द ऐकवून सराव दिला, तेव्हा त्यांची ओळख सुधारली, असं १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. म्हणून एकच आवाज शंभरदा ऐकण्यापेक्षा दहा जणांचे आवाज ऐकावेत.

महिन्याभरानं तिची चिठ्ठी मी उलटी धरली आणि अर्थ विचारला. ती थांबली, वर पंख्याकडं बघितलं, आणि सांगितला. वाक्य म्हण, म्हटलं. तिच्या बाबांनी जुन्या सायकलच्या चाकाचा डवरा (कोळपणीचं अवजार) केला आहे, त्यावर वाक्य होतं. "ॲन इन्जीनिअस डिव्हाइस," ती म्हणाली, 'जी'वर नीट वजन देऊन.