जास्वंदीवरचा तो काळा-नारिंगी भुंगा कोण?

"मावशी, केवढा मोठा लेडीबग!" म्हणत भाचीने बोट पुढे केलं आणि मी तिचा हात तिथल्या तिथे धरला. गच्चीतल्या लाल जास्वंदीवर 2 सेंटीमीटरच्या आसपास लांबीचा एक किडा बसला होता, काळाभोर, पाठीवर नारिंगी आडवे पट्टे, आणि पाकळी कडेकडेने कुरतडत निवांत खात होता, निम्मी पाकळी संपलीच होती.

लेडीबग तर नाहीच, तो वाटाण्याच्या डाळीसारखा गोल असतो, हा लांबुळका. मग कोण? आपण सगळे आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो, कारण लाल-काळे किडे ढीगभर आहेत. कपाशीवरचा लाल ढेकूण पण जास्वंदीवर येतो, पण त्याचे पंख पाठीवर एकमेकांवर चढून फुलीसारखे दिसतात आणि त्याला रस शोषायची सोंड असते. भुंग्याचे वरचे दोन पंख म्हणजे झाकणं, ती पाठीच्या मध्यावर सरळ रेषेत मिळतात, आणि तोंडाला चावायचे जबडे. आमचा पाकळी चावून खात होता, म्हणजे भुंगाच.

पुढची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, ती म्हणजे मान. डोकं रुंद, मागचं अंग रुंद आणि मधे मान आवळल्यासारखी बारीक. झाकणं पण टणक नाहीत, चामड्यासारखी मऊ. भिंग असेल तर पावलं बघा, पुढच्या चार पायांच्या पावलांना 5-5 पेरं आणि मागच्या दोन पायांना 4-4, शिवाय प्रत्येक नखी उभी चिरून दुहेरी झालेली. एवढं जुळलं की हा ब्लिस्टर बीटल, म्हणजे फोड आणणारा भुंगा, बाजरीवाले शेतकरी ज्यांना हिंगे म्हणतात त्यांच्याच कुटुंबातला. टोकाला जाड झालेल्या मिशा आणि नारिंगी पट्टे बघून मायलॅब्रिसच्या गटातला म्हणता येतो, पण नेमकी जात नुसत्या फोटोवरून सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एकाच जातीत पट्टे कमीजास्त रुंद निघतात.

मी एका काडीने त्याला हळूच ढकललं. त्याने पाय आखडले आणि गुडघ्यापाशी मोहरीएवढा पिवळसर थेंब आला. हे त्याचं रक्तच, त्यात कॅन्थॅरिडिन नावाचं रसायन असतं. 1810 मध्ये रोबिके या फ्रेंच केमिस्टने ते याच कुटुंबातल्या, 'स्पॅनिश फ्लाय' नावाच्या हिरव्या भुंग्यापासून वेगळं काढलं होतं. ते त्वचेच्या पेशींना एकत्र धरणारे जोड सोडवतं, म्हणून लगेच काही जाणवत नाही, पण काही तासांनी पाणी भरलेला फोड येतो. डोळ्यात गेलं तर फार त्रास, आणि पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, परदेशात चाऱ्याच्या गवतात हे भुंगे चिरडले जाऊन घोडे मेलेत. हात लागलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा, डोळे चोळू नका. (पावसाळ्यात ट्यूबलाइटपाशी येणारा, मुंगीसारखा बारीक नारिंगी-काळा किडा चिरडला की त्वचेवर चट्टा उठतो तो वेगळा, त्याचं विषही वेगळं.)

गंमत म्हणजे कॅन्थॅरिडिन मुख्यतः नर तयार करतात, मिलनाच्या वेळी मादीला देतात आणि मादी ते अंड्यांपर्यंत पोचवते, म्हणजे पिल्लांना जन्माआधीच संरक्षण.

आणि पिल्लं खातात काय? मायलॅब्रिसची मादी जमिनीत अंडी घालते, त्यातून तुरुतुरु पळणारी बारीक अळी निघते, ती मातीत नाकतोड्यांच्या अंड्यांचे पुंजके शोधते आणि एकदा सापडले की तिथेच बसून खाते, मग पळायची गरज नाही म्हणून कात टाकून लठ्ठ, सुस्त अळी बनते. म्हणजे तुरीची, भेंडीची फुलं खाऊन नुकसान करणाऱ्या भुंग्याचं बालपण शेतकऱ्याच्या दुसऱ्या शत्रूची अंडी संपवण्यात जातं. पिकावर झुंडीने आले तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाकावे लागतात, पण आमच्याकडे एकच होता म्हणून राहू दिला. भाची विचारत होती की हा तिसऱ्या मजल्यावर आला कुठून, तर मी तिला कठड्यावरून खालचा मोकळा प्लॉट दाखवला, गुडघाभर गवत आणि पाऊल टाकलं की चारी बाजूंनी उडणारे नाकतोडे.