सोन्याचं नाणं: गुंतवणुकीचं कोणतं आणि संग्रहाचं कोणतं?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगावच्या सराफ बाजारात नाण्यांची विचारपूस वाढते आणि जुनाच घोळ नव्याने सुरू होतो. कपाशीचे नाहीतर केळीचे पैसे हातात आलेला माणूस ‘गुंतवणूक’ म्हणून मखमली पेटीतलं, मोजक्याच संख्येत काढलेलं स्मारक नाणं घेतो. आणि दुसऱ्या घरात आजीची दुर्मिळ मोहोर मोडीत जाऊन तिची वेढणी होते. दोन्हीकडे पैसा बुडतो, कारण एका बाजाराची वस्तू दुसऱ्या बाजारात नेलेली असते.

गुंतवणुकीचं नाणं तुम्ही ओळखता. 24 कॅरेट, 999 चा शिक्का, 5 किंवा 10 ग्रॅम, सीलबंद पाकीट. 2015 साली आलेलं अशोकचक्राचं सरकारी नाणंही याच जातीचं. सोन्याचा भाव, थोडी घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी, एवढाच हिशेब. बँकेतून घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: बँक नाणं विकते, परत घेत नाही. मोडायला सराफाचीच पायरी चढावी लागते.

कॅरेटवरून होणारे वाद लवकर मिटवू. दक्षिण आफ्रिकेचं क्रूगररँड 22 कॅरेटचं आणि कॅनडाचं मेपल लीफ 24 कॅरेटचं, पण एक औंसाच्या दोन्ही नाण्यांत शुद्ध सोनं सारखंच, 31.1 ग्रॅम. क्रूगररँडमधलं तांबं वरून घातलेलं असतं, म्हणून ते 33.93 ग्रॅम भरतं. आपली गिन्नी, म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन, 7.98 ग्रॅमची, 22 कॅरेटची. त्यात शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. ‘आठ ग्रॅमची गिन्नी’ म्हणत 24 कॅरेटच्या भावाने गुणाकार करू नका, बस्स.

खरी गोम पुढेच आहे. कोणत्याही नाण्याच्या किमतीत दोन रकमा असतात: एक धातूची, दुसरी त्याच्यावरची. धातूची रक्कम धुळ्यात, भुसावळात, चोपड्यात, कुठल्याही पेढीवर मिळते. वरची रक्कम मात्र ते नाणं हवं असलेला दुसरा संग्राहकच देतो. सराफ वजन करतो, टंच म्हणजे कस काढतो, बट्टा कापतो आणि पैसे मोजतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याचा धंदाच धातूचा आहे. धरून चाला की 100 रुपयांच्या सोन्याचं साधं नाणं 106 ला पडलं आणि पेटीतलं स्मारक नाणं 150 ला. काट्यावर दोन्ही शंभराचीच. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारा, ‘हेच नाणं आत्ता परत दिलं तर किती द्याल?’ आकडा ऐकला की नाणं कोणत्या बाजाराचं ते कळतं.

आता उलट बाजू. लंडनच्या टांकसाळीची शाखा म्हणून मुंबईत गिन्न्या पाडल्या गेल्या त्या फक्त 1918 साली. घोड्यावरचा संत जॉर्ज असलेल्या बाजूला, सालाच्या मधोमध वर, जमिनीच्या पट्टीवर रोमन लिपीतलं बारीकसं ‘आय’ अक्षर असतं. भिंग घेऊन बघा. त्याच साली मुंबईतच 15 रुपयांची सोन्याची मोहोर निघाली. वजन आणि कस थेट गिन्नीचा, त्यामुळे काट्याला फरक कळत नाही. संग्राहक मात्र मोहोरेला सोन्याच्या भावापेक्षा बरंच जास्त मोजतो. म्हणून मोड देण्याआधी साल आणि ठसा वाचा. पण ‘जुनं म्हणजे दुर्मिळ’ हाही भ्रमच. पंचम जॉर्जच्या गिन्न्या अमाप पाडल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकींना सोन्याच्या भावाच्या आसपासच किंमत येते, आणि त्या गुंतवणूक म्हणून ठेवायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडे गिन्नीला कडी डाखून ती पोतीत ओवायची रीत आहे. हौस म्हणून उत्तम. पण डाख लागला की कडेवरचे दाते भरतात आणि संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपतं. कडी काढून घासली तरी खूण राहतेच. याहून मला चीड येते ती विकण्याआधी पॉलिश करून आणण्याची. सोनं गंजत नाही, त्याला उजळवायची गरजच नसते. पॉलिशने घोड्याच्या आयाळीच्या रेषा आणि राजाच्या दाढीचे केस बोथट होतात, आणि संग्राहक पैसे देतो ते नेमके त्या रेषांचे. रिठ्याचं पाणी घालून ब्रशने घासणंही नको. जसं आहे तसं, कडेला धरून, मऊ कागदात ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. मुलीच्या लग्नासाठी साठवायचं असेल तर 10 ग्रॅमचं साधं नाणं घ्या. एक-एक ग्रॅमची दहा घेतलीत तर घडणावळ जास्त जाते. संग्रह करायचा असेल तर घासलेल्या पाच गिन्न्यांपेक्षा न घासलेली एक घ्या, आणि व्यास 22.05 मिलिमीटर, वजन 7.98 ग्रॅम, दोन्ही मोजून घ्या.

आणि जुनं नाणं परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. 1918 ची गिन्नी आणि मोहोर आता त्यात येतात. वाड्याचा पाया खणताना मोहरा सापडल्या तर 1878 चा निधीचा कायदा लागू होतो. त्या सराफाकडे न्यायच्या नाहीत, आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं.